नाजूक माल हाताळायला रोबो बसवला तर तुटफूट खरोखर कमी होते का?

तुमच्या कारखान्यात हाताने उचलला जाणारा माल नाजूक आहे, प्रत्येक पाळीत काही नग फुटतात, आणि रोबो बसवल्यास ही तुटफूट जवळजवळ शून्यावर येईल असे एका पुरवठादाराने तुम्हाला सांगितले आहे. त्याच्यावर विश्वास ठेवावा का आणि घातलेले पैसे किती काळात सुटतील, असा तुमचा प्रश्न आहे. पहिल्या भागाचे उत्तर मी स्पष्ट देते. रोबो बसवल्यावर तुमच्या नोंदवहीतली तुटफूट नक्की कमी होईल. तुमचे नुकसान कमी होईल की नाही, हे मात्र तुम्ही तुटफूट कोणत्या टप्प्यावर मोजता यावर ठरेल, आणि ही गोष्ट पुरवठादार आपण होऊन सांगत नाही, कारण त्याची जबाबदारी माल उचलून ठेवण्यापाशी संपते.

मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतील एका फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, कोअर शॉपची सुपरवायझर होते. इंजिनच्या सिलिंडर हेडमध्ये पाणी खेळण्यासाठी ज्या वाकड्यातिकड्या पोकळ्या असतात, त्यांच्या आकाराचा वाळूचा कोअर साच्यात बसवतात, भोवती लोखंड ओततात आणि नंतर वाळू झाडून काढतात. त्या वाळूला वजनाच्या साधारण एक ते दीड टक्का रेझिनचा, म्हणजे कण चिकटवून धरणाऱ्या द्रव्याचा, आधार असतो. दिसायला तो दगडासारखा दिसतो, पण पातळ जागी धरला तर बत्ताशासारखा मोडतो. रेझिन वाढवून तो बळकट का करत नाहीत, असे बाहेरचे लोक नेहमी विचारतात. रेझिन जितके जास्त, तितका ओतकामाच्या वेळी वायू जास्त, आणि तो वायू बाहेर पडला नाही तर कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लो होल म्हणजे वायूची छिद्रे राहतात. शिवाय लोखंड थंड झाल्यावर कोअर आतल्या आत सुटा व्हावा लागतो, नाहीतर त्या अरुंद वाटांमधून वाळू निघत नाही. म्हणजे नाजूकपणा हा कोअरचा दोष नसून त्याच्या कामाचाच भाग आहे, आणि हाताळणाऱ्याला तो आहे तसा स्वीकारावा लागतो. तुमचा माल काचेचा असो, सिरॅमिकचा असो की खाण्याचा, तो नाजूक असण्यामागेही असेच काही कारण असणार.

आमच्या भागाला ओतकाम नवे नाही. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली आणि तिथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले; आज पलूस-कुपवाडपासून थेट कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावपर्यंत फौंड्र्यांची रांग आहे. रोबोलाही ओतकाम नवे नाही. जगातला पहिला औद्योगिक रोबो, युनिमेट, १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला, तो डाय कास्टिंग यंत्रातून, म्हणजे धातूच्या साच्यात ओतकाम करणाऱ्या यंत्रातून, गरम भाग काढण्यासाठीच. तेव्हा रोबो म्हणजे परके संकट असे मी कधीही मानले नाही, आणि हे आधीच सांगते, कारण पुढचे वाचून तसा समज होऊ शकतो.

आमच्याकडे कोल्ड बॉक्स पद्धतीचे कोअर होते. या पद्धतीत वाळू पेटीत फुंकल्यावर तिच्यातून अमाइनचा वायू सोडतात आणि काही सेकंदांत कोअर कडक होतो. पेटी उघडली की इजेक्टर पिना कोअरला वर ढकलतात, दोघी जणी तो उचलून रॅकवर ठेवत, आणि पुढे टेबलावर बसलेल्या बायका सांध्यावर आलेली पातळ धार घासून, कोअर कोटिंगच्या, म्हणजे लोखंडाची उष्णता सोसणाऱ्या लेपाच्या, टाकीत बुडवून ओव्हनच्या ट्रॉलीवर लावत. बुधगाव, कवलापूर, सावळी अशा आसपासच्या गावांतून येणाऱ्या या बायका ठेकेदाराकडच्या होत्या. त्यांतल्या सर्वांत जुन्या बाईंना सगळे मावशी म्हणत, आणि मीही म्हणत असे.

मावशींची कोअर घेण्याची पद्धत अशी होती. दोन्ही टोकांच्या जाड भागांना, म्हणजे कोअर प्रिंटना, त्या खालून तळहाताचा आधार देत. नंतर कोअर किंचित तिरपा करत, त्यामुळे त्याचे वजन लांबीच्या दिशेने पडे आणि मधल्या पातळ पुलांवर ताण येत नसे. तेवढ्यात उजव्या हाताचा अंगठा एका कडेवरून फिरे. कडेचे कण सुटून अंगठ्याला लागले तर कोअर बाजूला जाई. मग तिसऱ्या पोर्टजवळच्या, म्हणजे हेडमधल्या तिसऱ्या वाटेच्या तोंडाजवळच्या, पुलावर अंगठ्याने अगदी हलका दाब, आणि तो पूल जरासा जरी नमला, तरी कोअर भंगारात. हे सगळे एका श्वासात होत असे. त्याला तपासणी असे नाव नव्हते, त्यासाठी वेगळा वेळ धरलेला नव्हता, आणि म्हणून कारखान्याच्या कोणत्याही कागदावर ते काम अस्तित्वातच नव्हते. कागदावर होते ते एवढेच : कोअर उचलणे, धार काढणे, बुडवणे, रचणे.

नवे प्रॉडक्शन मॅनेजर एका मोठ्या वाहन कारखान्यातून आले होते आणि त्यांनी रोबो आणायचे ठरवले. पुण्याच्या पुरवठादाराने चाचणी हिवाळ्यात घेतली, आणि तीही आदल्या दिवशी तयार केलेल्या कोरड्या, कडक कोअरवर. चाचणीत एकही कोअर मोडला नाही. मी त्या बैठकीत दोन गोष्टी लेखी मागितल्या होत्या. एक, चाचणी पेटीतून नुकत्याच निघालेल्या कोअरवर व्हावी, कारण कोल्ड बॉक्स कोअरची ताकद पेटी उघडताना पूर्ण आलेली नसते आणि पुढच्या काही तासांत ती बरीच वाढते. दोन, रोबो बसल्यावरही टेबलावरचे हात काढू नयेत, कारण ते हात तपासतात. पहिल्या मागणीवर ‘पुढे पाहू’ असे उत्तर मिळाले. दुसरीवर मॅनेजर म्हणाले, की हाताकडे डेटा नसतो, आणि हा माझा भावनिक मुद्दा आहे. हे शब्द मी अजून विसरलेले नाही, आणि तुमचा प्रश्न वाचल्यावर उत्तर लिहायला बसण्याचे कारणही तेच आहे.

रोबो बसला तेव्हा सुरुवातीला अडचण पकडण्यात आली. हा भाग बहुतेकांना सर्वांत अवघड वाटतो. माझ्या मते तो सर्वांत सोपा आहे, कारण तिथे माल मोडला तर तो सर्वांना दिसतो आणि सगळे कामाला लागतात. कोअरसाठी हवा ओढून माल धरणारे व्हॅक्यूम कप निरुपयोगी ठरतात, कारण वाळूतून हवा आरपार खेचली जाते. म्हणून धातूच्या जबड्यांना रबर लावून पकड केली होती. रोबोचा हात मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी फरकाने त्याच जागी परत येतो, पण कोअर त्याच जागी येत नव्हता. पिनांवर रेझिन साचले की एक पिन किंचित मागे राही, कोअर थोडा तिरका वर येई, आणि जबडा त्याला बाजूने ढकलून पूल मोडत असे. मावशींनी हे रोबोभोवतीच्या सुरक्षा जाळीबाहेर उभे राहून पाहिले आणि सांगितले, की हा कोअरला आपल्याकडे ओढतो आहे, आपण हात कोअरकडे न्यायचा असतो. त्यावरून टूलरूमने पकड बदलली. जबडे काढून प्रिंटच्या खाचेत हवेने फुगणारे रबरी फुगे बसवले, आणि संपूर्ण पकड कोअरवर टेकताना सैल राहील व फुगे भरल्यावरच घट्ट होईल अशी रचना केली. पिना प्रत्येक पाळीला साफ करण्याचे कामही ठरले. त्यानंतर मोडणारे कोअर झपाट्याने कमी झाले. कँटीनबाहेरच्या फलकावर तुटफुटीचा खाली उतरणारा आलेख लागला, आणि टेबलावरच्या बायकांची हजेरी ठेकेदाराने टप्प्याटप्प्याने बंद केली.

पावसाळ्यात ग्राहकाच्या मशीन शॉपमधून सिलिंडर हेड परत येऊ लागले, कारण ते लीक टेस्टमध्ये, म्हणजे गळतीच्या चाचणीत, नापास होत होते. दोन-चार हेड कापून पाहिल्यावर पाण्याच्या वाटेत लोखंडाची पातळ आडवी पापडी दिसली. मॅनेजरांचे म्हणणे, हे व्हेनिंग आहे, म्हणजे उष्णतेने वाळू फुगून कोअरला भेगा पडतात आणि त्यांत लोखंड शिरते. दोष वाळूचा आहे, तिच्यात आयर्न ऑक्साइड घाला. व्हेनिंग हा खराच दोष आहे आणि त्यावर तो उपायही करतात. पण माझे म्हणणे असे होते, की ही पापडी बहुतेक प्रत्येक हेडमध्ये तिसऱ्या पोर्टजवळच्या पुलावर येते आहे. वाळूचा दोष असता तर ती इतर गरम जागांवरही दिसली असती. कोअर ओतण्याआधीच तिथे तडकलेला आहे.

ओतकामाच्या वेळी कोअरवर काय येते, हे लक्षात घेतले तर छोट्या तड्याची किंमत कळते. लोखंड वाळूपेक्षा कितीतरी जड असल्यामुळे त्यात पूर्ण बुडालेल्या कोअरला ते वर उचलू पाहते, आणि हा जोर कोअरच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेतीनपट असतो. ट्रॉलीवर नीट दिसणारा तडा त्या क्षणी उघडतो. पुढे ओतकाम, वाळू झटकणे, फेटलिंग म्हणजे जादा लोखंड घासून काढणे, मशीनिंग आणि वाहतूक एवढा सगळा खर्च त्याच्यावर चढतो, आणि मग कुठे लीक टेस्टवर तो सापडतो. कोअर शॉपमध्ये मोडलेला कोअर हे काही रुपयांचे नुकसान असते. तडकलेला कोअर पुढे गेला, तर संपूर्ण हेड भंगारात जाते आणि ग्राहकाचा विश्वासही जातो.

मी ओव्हनमधून निघालेल्या ट्रॉलीवरचे कोअर घेतले आणि मावशींच्या पद्धतीने अंगठ्याने पाहिले. जे नमले त्यांवर खडूने खूण केली आणि ते मॅनेजरांसमोर तिसऱ्या पोर्टजवळ मोडले. तुटलेल्या भागात काठाकडून आत जाणारी कोटिंगची राखाडी रेघ स्पष्ट दिसत होती. हाताने आत्ता मोडलेल्या चांगल्या कोअरच्या छेदात तशी रेघ नसते. ज्या अर्थी कोटिंग आत शिरले, त्या अर्थी बुडवण्याआधी किंवा बुडवताना तडा पडलेला होता. यावर पुढे वाद राहिला नाही.

कारणही मग उलगडले. पूर्वी पेटीतून निघालेला कोअर टेबलावर जाईपर्यंत रॅकवर थांबत असे, कारण बायकांचे काम साचलेले असे. या थांबण्याला सगळे दिरंगाई समजत, आणि रोबोची रचना करताना ती अभिमानाने काढून टाकली होती. रोबो कोअर पेटीतून काढून थेट टाकीत बुडवत होता. कोटिंग पाण्यात कालवलेले असते, आणि ओव्हनमध्ये सुकेपर्यंत ते कोअरची ताकद आणखी कमी करते. त्यात पावसाळ्याची ओली हवा, जिच्यामुळे कोल्ड बॉक्सचे रेझिन आधीच अशक्त होते. अशा कोवळ्या, ओल्या कोअरला घेऊन रोबो झटक्याने वळत होता. बाहेरून सगळे सुरळीत दिसत होते, आणि पूर्वी अशा वेळी अंगठा फिरवणारे कोणी आता तिथे नव्हते.

उपाय साधेच होते. पेटी आणि टाकी यांच्यामध्ये थांबण्याचा रॅक आला, वळण्याची गती कमी केली, कोअर टाकीत तिरका उतरवून खाचांतली हवा आधी निघू दिली, वाळू सुकवण्यावर लक्ष दिले, आणि ओव्हननंतर दोन बायकांचे तपासणीचे टेबल पुन्हा लावले. परत येणारे हेड जवळजवळ थांबले. अहवालात हे सर्व ‘प्रक्रिया सुधारणा’ म्हणून गेले. माझा आधीचा लेखी मुद्दा त्यात नव्हता, मावशींचा उल्लेख नव्हता. मावशींना परत बोलावले तेव्हा त्या तासगाव बाजूला बेदाणा निवडण्याच्या कामाला लागलेल्या होत्या आणि त्यांनी यायला नकार दिला. त्यांच्या जागी आलेल्या मुलींना तो पूल किती नमला की नाकारायचा, हे शिकायला बराच काळ गेला, आणि त्या शिकण्याची किंमत कारखान्याने भंगाराच्या रूपात मोजली. हाताकडे डेटा नसतो असे म्हणणाऱ्यांना माझे आजही हेच सांगणे आहे, की डेटा होता, तुम्ही तो लिहून न घेता कामावरून काढून टाकला.

म्हणून तुम्ही पुरवठादाराशी बोलण्याआधी आपल्याच माणसांजवळ उभे राहा आणि ती माल उचलताना आणखी काय काय करतात, ते लिहून काढा. कोणता नग ती बाजूला ठेवतात, आणि का? कोणता क्षणभर थांबवतात? कोणत्या बाजूने धरत नाहीत? यातले प्रत्येक काम रोबो बसल्यावर कोण करणार, याचे उत्तर करारात हवे : कॅमेरा, वजनकाटा, हवेची चाचणी किंवा माणूस. उत्तर नसेल तर ते काम तुमचा ग्राहक करेल. चाचणी तुमच्या सर्वांत वाईट मालावर, सर्वांत वाईट ऋतूत आणि पूर्ण वेगाने घ्या. चाचणीत एकदा आपत्कालीन थांब्याचे बटण दाबायला लावा आणि एकदा वीज बंद करा. हात अचानक थांबतो तेव्हा माल पकडीत कसा राहतो आणि हवा गेल्यावर पकड सुटते का, हे आमच्याकडच्या विजेच्या परिस्थितीत पाहणे अत्यावश्यक आहे. आणि तुटफूट मोजायची ती माल जिथे शेवटी नाकारला जातो तिथून उलट, उचलण्याच्या जागेवरून नव्हे.

पकडीच्या तंत्राची फार चिंता करू नका. काचेसारख्या गुळगुळीत, हवा न सोडणाऱ्या मालाला व्हॅक्यूम कप उत्तम चालतो. चार सेंटिमीटर व्यासाचा एक कप साठ टक्के व्हॅक्यूमवर सुमारे साडेसात किलोचा जोर देतो, म्हणजे दुपटी-तिपटीची सुरक्षितता ठेवूनही बऱ्याच वस्तूंना पुरतो. सौर पॅनेलच्या केसासारख्या पातळ चकत्यांसाठी हवेच्या झोतावर जवळजवळ स्पर्श न करता उचलणारी बर्नुली पकड असते. मऊ रबरी बोटे खाद्यपदार्थांसाठी मिळतात. कॉफीची भरड भरलेला फुगा वस्तूवर टेकवून त्यातली हवा काढली की तो घट्ट होऊन कोणत्याही आकाराला धरतो, हे २०१० सालीच अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले आहे. जी गोष्ट विकत मिळते, तिथे तुमचा कारखाना अडणार नाही.

आता काही गोष्टी, ज्या न सांगितल्या तर हे उत्तर एकतर्फी होईल. पेटीच्या तोंडाशी रोबो बसणे आमच्याकडे योग्यच होते आणि त्याआधीच व्हायला हवे होते. तिथे अमाइनचा वायू असतो. घट्ट सील आणि धूर शोषणारी यंत्रणा यांत कसूर झाली, की तिथे काम करणाऱ्या बायकांना संध्याकाळी घरी जाताना दिव्यांभोवती कडी दिसत आणि नजर धुरकट होई. अमाइनने डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला सूज येते, त्याचा हा परिणाम. जड कोअर वाकून उचलल्याने कंबर जाते ती वेगळीच. अशा जागेवरून माणूस हलवणे हे तुटफुटीपेक्षा मोठे कारण आहे, आणि पैसे सुटले नाहीत तरी ते करावे. माझा विरोध त्या माणसाला पेटीपासून हलवून टेबलावर न बसवता थेट फाटकाबाहेर घालवण्याला होता. दुसरे, माझा अनुभव दिवसभर एकाच प्रकारचा माल निघणाऱ्या यंत्राचा आहे. तुमच्याकडे रोज आकार बदलत असेल, तर पकड बदलण्यात आणि प्रोग्रॅम लावण्यात जाणारा वेळ हिशोबात धरा, कदाचित रोबो परवडणारच नाही. तिसरे, काचेच्या बाटल्यांसारख्या मालात कॅमेऱ्याची तपासणी माणसाच्या डोळ्यापेक्षा सरस असते, तिथे मी हाताचा आग्रह धरणार नाही.

पैसे किती काळात सुटतील, हे तुमच्या मालाचे वजन, नगाची किंमत आणि पाळ्या कळल्याशिवाय कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. पुरवठादाराने दिलेला हिशोब मिळाला असेल तर त्यात बचतीच्या रकान्यात कमी केलेल्या माणसांचा पूर्ण पगार धरला आहे का, ते आधी पाहा. धरला असेल, तर त्यातून तपासणीच्या दोन माणसांचा पगार वजा करून आकडा नव्याने मांडायला सांगा.